गप्पीशेजारी कोण

"गप्पीबरोबर बार्ब चालतील का गं?" अंझिरत खालाने विचारलं.

"नाही चालणार," मुअत्तर म्हणाली. "बार्ब दंगेखोर. गप्पीच्या शेपट्या कुरतडून ठेवतील."

"आणि तो निळा, झुबकेदार?"

"तो लढाऊ. दिसायला राजबिंडा, स्वभावाने कोतवाल. लहान टाकीत दुसऱ्या कुणाचा तोरा त्याला खपत नाही."

पलीकडे जाळी धूत बसलेला एर्गश ऐकत होता. ताश्कंदच्या पाखरांच्या बाजारात त्याचं माशांचं दुकान होतं. गिऱ्हाईक ओळखण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. ही म्हातारी दर रविवारी येत होती. बरोबर तिच्याच घरी राहणारी भाची सालोमत, चाळिशी उलटलेली, अबोल बाई. चौकशा ढीगभर, आणि अजून एक मासा विकत घेतला नव्हता.

ताकाला येऊन भांडं लपवणाऱ्या बायका एर्गशला कळत नव्हत्या थोड्याच! या स्थळ घेऊन आल्या होत्या. म्हातारी मध्यस्थ, सालोमत मुलाची आई. मासे नुसतं निमित्त. बघायचं होतं ते त्याच्या मुलीला, मुअत्तरला.

या पोरीचं लग्न व्हावं म्हणून तो झुरत होता. बायको गेल्यापासून मुअत्तरने आलेलं प्रत्येक स्थळ परतवून लावलं होतं. "मी गेल्यावर तुमच्याकडे कोण बघणार, दादा?" एवढंच ती बापाला विचारायची, आणि पाहुण्यांचे पियाले काठोकाठ भरायची. काठोकाठ चहा म्हणजे प्या आणि चालायला लागा. पाहुणे मुकाट चालायला लागायचे.

या दोघींना मात्र ती घोटभरच चहा ओतत होती, पुन्हा पुन्हा, मानाच्या पाहुण्यांना ओततात तसा. एर्गशने ते पहिल्याच दिवशी हेरलं होतं. आता आपण एक शब्द जास्त बोललो, तर पोरगी बिथरेल. तो जाळी धूत राहिला.

"टाकी केवढी आहे?" मुअत्तरने विचारलं. प्रश्न सालोमतला होता.

"लहानच."

"आधी कोण आहे तिच्यात?"

"कोणी नाही. एक होता, तो गेला. बरीच वर्षं रिकामी आहे."

"नव्या पाण्यात एकदम सोडून चालत नाही हं. पिशवी आधी नुसती तरंगत ठेवायची. मग थोडं थोडं पाणी मिसळायचं. तेवढा धीर आहे तुम्हाला?"

"आहे," सालोमत म्हणाली. "घाई मला कधीच मानवली नाही."

एर्गश मनात हसला. उलट पोरगीच होणाऱ्या सासूचं पाणी जोखत होती! शहाणी माझी बाय. पण आपणही आपल्या मालाची दोन शब्दांत स्तुती करायला हवीच की.

"खाला, ते तळातले मिशाळ बघा," तो म्हणाला. "कुणाच्या अध्यात ना मध्यात. इतरांचं उरलंसुरलं आवरतात. ज्या घरात जातील, त्या घराचं नशीब."

खाला मान डोलावून कोपऱ्याकडे बघू लागली. "आणि तो एकटा?"

"म्हातारा गुरामी," एर्गश म्हणाला. "तो विकायचा नाही."

"चावतो?"

"कुरकुरतो," मुअत्तर म्हणाली. "चावत नाही. वेळेवर खायला घातलं की गप्प."

सालोमत पहिल्यांदाच हसली. एर्गशला मात्र राग आला. स्थळ चालून आलंय आणि ही कार्टी गुरामीचं पुराण लावून बसली आहे!

शेवटी ठरलं ते असं: गप्पी, थोडे निऑन आणि तळाला मिशाळ. भांडखोर एकही नाही. पुढच्या रविवारी खालाच्या घरी जाऊन टाकी मांडून द्यायची.

त्या सकाळी मुअत्तर म्हणाली, "दादा, दाढी करा. आणि नवी टोपी घाला."

मासे सोडायला नवी टोपी! एर्गशला काय ते उमजलं. मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायला जायचं, ते हे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा तो तिच्याही आधी दारात उभा राहिला. मुअत्तरच्या एका हातात माशांची पिशवी होती, दुसऱ्या हातात नक्षीदार कापडाचं गाठोडं. त्याने काही विचारलं नाही.

खालाचं घर झाडून पुसून लख्ख होतं. मुलगा कुठे दिसेना. खानदानी घरातली मुलं अशा वेळी समोर येत नाहीत. सालोमत रेशमी झगा घालून दाराशी बसली होती आणि मान वर करत नव्हती. मुलाच्या आईने एवढं लाजायचं काय कारण, ते एर्गशला कळलं नाही.

तो टाकीपाशी गुंतला. पिशवी तरंगत ठेवली, पाणी मिसळलं, मासे सोडले. हात पुसून वळला तर जेवणाचा दस्तरखान अंथरलेला, आणि मधोमध नक्षीदार कापडावर दोन गोल रोट्या.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाकडचे रोटी आणतात. मुलीकडच्या वडीलधाऱ्याने ती मोडली, की सोयरीक पक्की. मोडली की मुअत्तर परक्याची. संध्याकाळी घरात चहा ओतायला कुणी नाही, कुरकुर ऐकायला कुणी नाही. क्षणभर वाटलं, उठावं आणि पोरीला घेऊन घरी जावं. पण तिने या माणसांना परतवलं नव्हतं. बापाने आणखी काय मागायचं? मुलाचं नावसुद्धा विचारायचं राहिलंय, हे त्याला तेव्हा आठवलं.

त्याने बिस्मिल्ला म्हटलं आणि रोटीकडे हात नेला.

मुअत्तरने त्याचं मनगट अलगद धरलं.

"हात आवरा, दादा. रोटी खाला मोडतील. आपण मुलाकडचे."