आबांचा हात

साक्षीने घरी बनवलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आठवडाभर नुसता गुणगुणत होता. सर्किट बोर्डावरचा एकेक सांधा तिने पुन्हा सोल्डर केला, कपॅसिटर बदलले, तरी गुणगुण जाईना. आज आबा शेतातून अनवाणीच आत आले आणि त्यांनी सहज अँप्लिफायरच्या पत्र्याच्या डब्यावर हात ठेवला. आवाज थांबला.

"बघा एम.एस्सी. बाई, माज्या हाताला भितंय!"

साक्षी हसली. आबांनी हात उचलला की गुणगुण सुरू व्हायची, ठेवला की बंद.

"मुंग्या येत्यात जरा," आबा म्हणाले, "पण आवाज न्हाई बघ."

साक्षीचं हसू विरलं. तिने झेप घेऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. डब्यात उतरलेला करंट अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला हवा होता. तो आबांमधून जात होता.

तार तपासत ती मागच्या दारी आली. तार शाबूत होती, पण ती जिथे पुरली होती तो अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून भेगाळला होता. ओल नसेल तर तार असून नसल्यासारखीच.

"आई, भांड्यांचं पाणी या खड्ड्यात ओततीस न्हवं?"

"टँकर येतोय कवा, आन् पुरतोय किती? लिंबाला वळवलं. त्या खड्ड्यात काय उगवतंय?"

तळहात चोळत दारात उभ्या असलेल्या आबांच्या अनवाणी पायांकडे साक्षीने एकदा पाहिलं आणि प्यायच्या पाण्याची घागर खड्ड्यात ओतली.