दुसरी चूल

दुधावरची साय थोरलीनं आजही आपल्या नवऱ्याच्या वाटीत घातली. धाकट्या दिराच्या वाटीत नुसतं निळसर पाणी. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कमावत्याला साय. बसलेल्याला काय करायचीय?"

धाकट्यानं मान खाली घालून वाटी तोंडाला लावली. तिळपापड झाला तो त्याच्या बायकोचा.

थोरली म्हणजे तिची जाऊ. गावाकडे धान्याला कुत्रं विचारेना, तेव्हा धाकटं जोडपं शेत पडीक टाकून हिच्या दोन खोल्यांत आलं होतं. दोघे भाऊ एकाच काचकारखान्यात लागले. मग मंदी शहरातही आली. कारखान्यानं नियम काढला: एका चुलीमागे एकच नोकरी. धाकटा घरी बसला.

"नावापुरत्या चुली वेगळ्या करू की," धाकटी तेव्हा म्हणाली होती. थोरलीनं साफ उडवून लावलं. कारखान्याचा कारकून घरोघर फिरे, चूल बघे, शेजाऱ्यांना खोदून खोदून विचारी. पलीकडच्या दोन भावांची दुसरी चूल नाटकी निघाली, तर दोघेही घरी बसले होते.

तेव्हापासून थोरलीचा नूरच पालटला. आधी साय गेली, मग साबणाची वडी कुलपात गेली. धाकटी आतल्या आत जळत राही. थोरल्या दिराचे काजळलेले कपडे दोरीवर दिसले तरी तिच्या पोटात दुखे. आपल्या नवऱ्याचा सदरा कसा, आठवडाभर स्वच्छच. हिचंही कुंकू एकदा घरी बसावं, मग कळेल, असं तिला अगदी मनापासून वाटे.

त्या दिवशी नळावर, भर रांगेत थोरली म्हणाली, "फुकट गिळणाऱ्यांनी निदान पाणी तरी भरावं."

धाकटीनं बादली आपटली. साचलेलं सगळं बाहेर काढलं. थोरलीनं तिचे आईबाप काढले. गल्ली कामधंदा सोडून ऐकत उभी राहिली. तसा कामधंदा होता कुणाला म्हणा. संध्याकाळी धाकटीनं बाहेरच्या खोलीत तीन विटा मांडल्या आणि मधलं दार लावून घेतलं.

तीन आठवड्यांनी कारकून आला. दोन्ही चुली बघितल्या, शेजारी चौकशी केली. "एकमेकींचं तोंड बघत नाहीत हो," शेजारणींनी हौसेनं सांगितलं. सोमवारी धाकटा कामावर गेला.

तो कोपऱ्यावरून वळताच धाकटीनं मधलं दार ढकललं. वाक्य तिनं कधीचं घोकून ठेवलं होतं. "आता तुमच्या तुकड्यावर नाही आम्ही."

थोरलीनं आधी खिडकी लावली. मग पदरानं डोळे पुसले.

"लागले ना भावोजी कामाला?" ती अगदी हळू म्हणाली. "तुला खोटं भांडायला जमलं नसतं गं. कारकून पुढच्या महिन्यात परत येईल. जाताना दार जोरात आपट."