रिपोर्ट नॉर्मल

डॉक्टरीणबाईंनी कुमुदच्या खांद्यावर नुसतं बोट दाबलं आणि ती कळवळली. शेजारी बसलेला तिचा नवरा, भालचंद्र, चपापला. दोन वर्षं सगळे रिपोर्ट नॉर्मल येत होते आणि तो चारचौघांत हसून म्हणायचा, "हिला कामचुकारपणाचा आजार आहे."

"याला फायब्रोमायल्जिया म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रिपोर्टमध्ये दिसत नाही, पण दुखणं खरं असतं."

"खरं ना?" कुमुदने दोनदा विचारलं आणि तिला रडू कोसळलं.

"झोप नीट घ्या, रोज थोडं चाला, कामं वाटून घ्या. आटोक्यात राहील. घरी मदतीला कोण असतं?"

भालचंद्र जमिनीकडे बघू लागला.

"हे करतात की सगळं," कुमुद डोळे पुसत म्हणाली.

तिने तिथेच त्याची लाज काढली असती तर परवडलं असतं.