यात कुत्रा मरतो का?

पुस्तकवेड्यांच्या एका ऑनलाइन गटात इंगा लिंडक्विस्ट दर रविवारी एक पुस्तक सुचवायची. त्याबद्दल कुणी काही विचारलं, की न चुकता उत्तरही द्यायची. तेवढ्यासाठीच डुलूथ शहरात एकटा राहणारा ऑर्विल टोपणनाव घेऊन त्या गटात शिरला होता. इंगा त्याची मुलगी; पाच वर्षांत तिने त्याचा एकही फोन उचलला नव्हता.

तिने पुस्तक टाकलं, की हा लगेच विचारायचा, "यात कुत्रा मरतो का?" त्या गटात हा प्रश्न रोजचाच, हळवी माणसं आधीच विचारून घेतात. इंगा लिहायची, "नाही, बिनधास्त वाचा." नाहीतर, "मरतो. रुमाल घेऊन बसा." त्या एका ओळीवर म्हाताऱ्याचा आठवडा निघायचा.

या रविवारी घाईघाईत त्याने पुस्तकाचं नावच पाहिलं नाही. नेहमीचा प्रश्न टाकून मोकळा झाला. पुस्तक होतं घरच्या घरी पाव कसा भाजायचा याचं.

"अहो काका, कुत्रा काय कणकेत बुडून मरणार?" कुणीतरी लिहिलं, आणि सगळा गट खो-खो हसला. इंगाचं उत्तर मात्र आलं नाही. तीन दिवस तो फोनकडे डोळे लावून बसला.

चौथ्या दिवशी तिचा निरोप आला, फक्त त्याच्यासाठी.

"यात कुत्रा नाही. लहानपणी तुम्ही मला वाचून दाखवायचात, त्यातही एकसुद्धा कुत्रा कधी मेला नाही, बाबा. पुढे तीच पुस्तकं मी स्वतः वाचली, तेव्हा कळलं, तुम्ही किती खोटं वाचायचात."