संशयाचा रकाना

बँकेच्या तक्रारअर्जातल्या ‘कोणावर संशय?’ या रकान्याशी अनसूयाबाईंचं पेन थांबलं. खात्यातून आठ वेळा एकशे एक रुपये गेले होते, आणि त्यांच्या मोबाईलला हात लावणारी दुसरी कोण? फक्त सून, तृप्ती. ती बाहेर बाकावर त्यांचीच पाण्याची बाटली सांभाळत बसली होती. नाव लिहिलं तर घर मोडेल, हे त्यांना कळत होतं. तरी पहिलं अक्षर उमटलंच.

“आजी, मोबाईलवर काय बघता, दाखवा पाहू,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“कीर्तनाशिवाय काही नाही गं बाई.” त्यांनी कालचं कीर्तन शेवटाशी नेऊन लावलं. आरती संपताच सवयीने पडद्यावरच्या बुवांच्या पायांना बोटं लावून कपाळी टेकवली. टिंग! पायांशीच ‘दक्षिणा द्या’चं बटण होतं, आणखी एकशे एक गेले.

“लहान रकमेला पिन लागत नाही, आजी. चोर सापडला!” मुलगी खळखळून हसली. अनसूयाबाईंनी मात्र ते अक्षर लिहिलेला अर्ज चुरगाळून मुठीत दडवला.

बाहेर येताच तृप्ती उठली. “कोणाचं नाव निघालं, आई?”

“माझंच गं,” त्या म्हणाल्या. मूठ काही उघडली नाही.