कुणाची तू?

"कुणाची गं तू?"

चौकात दारापुढे खुर्ची टाकून शेंगा सोलणाऱ्या पिप्पीनाआजीने विचारलं. रोक्कामारा गावात नवा चेहरा दिसला की आधी हाच प्रश्न येतो. शेजारी पत्ते खेळणारे म्हातारेही थांबून बघू लागले.

मिरेल्ला घुटमळली. अर्जेंटिनाहून आपल्या आजीच्या गावी ती पहिल्यांदाच आली होती. आजी मागे गाडीत बसून होती, डोक्यावरचा रुमाल पार कपाळापर्यंत ओढून. "चौक बघू नि निघू," तिने बजावलं होतं. "मी उतरणार नाही. आणि माझं नाव काढायचं नाही."

साठ वर्षांपूर्वी जमीनदाराच्या मुलाने आजीला पळवून मळ्यावरच्या घरात डांबलं होतं. अशा मुलीने त्याच माणसाशी लग्न लावायचं, ही सिसिलीतली रीत. चर्चमध्ये पाद्र्याने विचारलं, तेव्हा साऱ्या गावासमोर ती 'नाही' म्हणाली. बापाने दार लावून घेतलं. सतरा वर्षांची पोर एकटीच बोटीत चढली.

"बापाचं नाव विसरलीस का?" एका पत्तेवाल्याने टोमणा मारला. बाकीचे हसले.

मिरेल्लाला ते हसणं झोंबलं. "मी निन्फा कुताइयाची नात," ती ताठ उभी राहून म्हणाली. "लग्नाला नाही म्हणाली, तिची."

हसणं विरलं. टोमणा मारणाऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

पिप्पीनाआजीने हातातली शेंग खाली ठेवली. "तिच्यानंतर दोन वर्षांनी मलाही असंच नेलं होतं," ती म्हणाली. "तिचं ऐकलेलं होतं, म्हणून मीही नाही म्हणाले. माझ्यामागून आणखी दोघी. मग मात्र पोरींना हात लावायची कुणाची छाती झाली नाही."

ती गुडघ्यांवर हात टेकत उठली. चौकाकडे तोंड करून तिने हाक मारली, "निन्फाऽ!"

बेकरीतून पिठाने भरलेल्या हातांची बाई डोकावली. "काय गं आई?"

चर्चच्या पायऱ्यांवरून एक शाळकरी मुलगी ओरडली, "आले!"

वरच्या सज्ज्यातली बाई कपडे वाळत घालता घालता वैतागली. "अगं, कुठली निन्फा हवीय? नीट सांगत जा की."

मागे गाडीचं दार उघडलं. रुमाल मागे सारून आजी खाली उतरली.

"पहिली," ती म्हणाली.