तिरका आरसा

मामाच्या टीव्हीवर व्हिडिओ सारखा अडकत होता, म्हणून भाची सुट्टी काढून आली.

"कधीपासून अडकतोय?"

"वर्ष झालं असेल."

"आणि सांगतोस आत्ता! मुहूर्त बघत होतास का?"

"तेव्हा अडकला की तेवढ्यात तुझ्या मामीशी गप्पा व्हायच्या. आता नुसतं ते चाक गरगरतं."

राउटर हॉलच्या कोपऱ्यात सापडला. त्याच्या पुढ्यात माणसाएवढा आरसा उभा, तोही तिरका.

"मामा, आरशाला मागून धातूचा मुलामा असतो, त्याला वायफाय अडतं. हा काढूया. नाहीतरी यात तुझं तोंड तरी दिसतं का?"

"आरसा हलवायचा नाही."

एवढा कसला हट्ट, ते तिला कळेना. मग राउटरलाच दुसरी जागा द्यावी, म्हणून रेंज बघत ती फोन घेऊन घरभर फिरली आणि आतल्या खोलीत मामीच्या पलंगावर टेकली. शेवटचं वर्ष मामी इथून उठली नव्हती. भाचीने सहज दाराबाहेर पाहिलं. समोरच्या आरशात हॉलमधला टीव्ही अख्खा दिसत होता.

ती बाहेर आली. आरशाला हात न लावता तिने लांब वायर जोडून राउटर टीव्हीशेजारी ठेवला. व्हिडिओ न अडकता चालू लागला.

मामाने मात्र टीव्हीकडे पाहिलंच नाही.

"आत बसली होतीस ना," त्याने विचारलं, "पलंगावरून नीट दिसतं का गं अजून?"